‘वहिनी, सही तेवढी करा’

पत्राचा सारांश: मंगळवेढा तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्या बचत गटाच्या सचिव आहेत. ‘समितीत निम्म्या बायका लागतात’ म्हणून ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत त्यांचं नाव घातलं गेलं. त्यांना ते नंतर कळलं. सरपंच त्यांचे चुलत दीर. जलजीवन मिशनमधून गावात टाकी झाली, पाइपलाइन झाली, घरोघरी नळ बसले. कामाच्या सुरुवातीला घरटी हजार रुपये लोकवर्गणी जमवली, पावती कुणालाच मिळाली नाही. आज गावठाणात पाणी येतं. ताई राहतात त्या वस्तीवर आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर मात्र आठवड्यातून कधीतरी करंगळीएवढी धार येते, बाकी नळ कोरडे.

गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन दारात आला. ‘योजना पूर्ण झाली असून सर्व कुटुंबांना नियमित पाणी मिळत आहे, समिती योजना ताब्यात घेण्यास संमती देत आहे’ असा ठराव, खाली सह्या. बैठक झालीच नव्हती. पाठोपाठ सरपंचांचा फोन आला : ‘वहिनी, सही तेवढी करा. मार्चअखेर हाय, ठेकेदाराचं बिल अडकलंय, निधी परत गेला तर गावाचं नाव खराब हुईल.’ ताईंचे मिस्टर म्हणतात, भावकीत वाकडं नको, करून टाक. गटातल्या दोघी म्हणतात, थेट जिल्हा परिषदेत सीईओंकडे तक्रार कर, आम्ही आहोत. ताई विचारतात : सही करून गप्प बसू की तक्रार करू? तक्रार केली आणि काम अडकलं, तर गावाचा विकास मीच अडवला असं होईल का?

ताई,

आधी घाईचं सांगते. सही आज करू नका आणि तक्रारही आज करू नका. शिपाई पुन्हा आला तर ‘वाचून देते’ एवढंच म्हणा आणि रजिस्टरच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. समितीची सदस्य म्हणून ते पान वाचण्याचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. वाचायला दोन दिवस मागितले म्हणून कुठलीही योजना बुडत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. तुम्ही दोनच वाटा मांडल्या आहेत. दोन्हींच्या मुळाशी एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात, की कुणीतरी पैसे खाल्लेत, आता ते झाकायचं की उघडं पाडायचं एवढंच ठरवायचं आहे. पण तसं झालंय हे तुम्हाला ठाऊक आहे का? तुमच्या पत्रात तरी तसं काही दिसत नाही. नळाला पाणी येत नाही आणि ठरावात येतं असं लिहिलंय, एवढंच पक्कं आहे. तेवढं पुरेसं आहे.

जलजीवनचा बांधकामाचा पैसा सहसा सरपंचांच्या हातातून जात नाही. गावापुरती योजना असेल तर निविदा जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग काढतो. त्यांचा अभियंता काम मोजून मोजमाप पुस्तिकेत म्हणजे एमबीत नोंदवतो, त्रयस्थ संस्था तपासणी करते आणि मग ठेकेदाराचं बिल निघतं. अनेक गावांची मिळून मोठी योजना असेल तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरण असतं. मग तुमचे दीर इतकी घाई का करतायत? ठेकेदार रोज दारात बसत असेल. राज्यात या कामांची बिलं थकलेली आहेत, हे खोटं नाही. वरून साहेबांचा फोन असेल, की अमुक तारखेपर्यंत तुमचं गाव ‘हर घर जल’मध्ये, म्हणजे घरोघरी नळ पोचलेल्या गावांच्या यादीत दिसलं पाहिजे. किंवा याहून वाईट काही असेल. यातलं काय खरं, ते शोधून काढणं तुमचं काम नाही. शेवटच्या वस्तीवरच्या नळाला पाणी किती, हे विचारणं मात्र समितीची सदस्य म्हणून तुमचंच काम आहे. आणि या प्रश्नात कुणावर आरोप नाही.

या सहीने नेमकं काय होतं, ते गावातल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं, आणि अनेकदा सरपंचांनाही नसतं. योजना ताब्यात घेतली की त्या दिवसापासून पंपाचं लाइट बिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, जळालेल्या मोटारीचं रिवाइंडिंग, फुटलेली पाइप, सगळं ग्रामपंचायतीच्या गळ्यात येतं. ठेकेदाराने मुरमात पाइप वीतभर खोल पुरून वर माती ओढली असेल आणि दोन महिन्यांनी ट्रॅक्टरच्या नांगराने ती फोडली, तर ‘योजना सुस्थितीत मिळाली’ असं लिहून दिलेली ग्रामपंचायत भांडणार कशाच्या जोरावर? करारात दोषदुरुस्तीची मुदत असते, त्या मुदतीत ठेकेदाराने फुकट दुरुस्ती करायची असते. पण दोष कागदावर आला तरच. म्हणजे तुमची सही थांबली तर सगळ्यात जास्त वाचणार ते तुमचे दीरच. हे त्यांना अजून कुणी सांगितलं नसावं.

दुसरं, ‘हर घर जल’ हे दोन पायऱ्यांनी होतं. आधी विभाग कळवतो की सगळ्या घरांना नळ दिले. ते प्रमाणित व्हायला ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि ठरावाबरोबर ग्रामसभेचा छोटा व्हिडिओही वर चढवायचा असतो. ही तरतूद का आहे? पाणी आलं की नाही हे सांगण्याचा शेवटचा अधिकार अभियंत्याला नाही, गावाला दिलाय म्हणून. आपल्याकडे हा अधिकार शिपायाच्या काखेतल्या रजिस्टरमधून दारोदार फिरतो, ही गोष्ट वेगळी.

मार्चअखेरीबद्दल. निधीच्या तारखांचं दडपण खोटं नसतं, विभागांनाही हिशोब बंद करायचे असतात. पण जलजीवन मिशनला २०२८ पर्यंत मुदतवाढ केंद्राच्या २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली आहे. तुमच्या एका सहीवाचून गावचं पाणी कायमचं परत जाईल, हे मला पटत नाही. जेवढं काम खरोखर झालंय तेवढ्याचं बिल ठेकेदाराला मिळायलाच हवं, ते अडवा असं मी म्हणत नाही. अपुऱ्या कामाला पूर्ण लिहू नये, एवढंच.

‘गावाचा विकास मीच अडवला असं होईल का’ हे वाक्य तुम्ही स्वतःहून लिहिलंत की कानावर पडून पडून आलं, कोण जाणे. आपल्याकडे निधी खर्च झाला की विकास झाला, असं बोलायची सवय लागली आहे. टाकी उभी राहिली, रंग लागला, योजनेचं नाव आणि रक्कम लिहून झाली, फोटो निघाला. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या बायका अजून विहिरीवर जात असतील तर अडलेला विकास आधीच अडलेला आहे. तुम्ही तो फक्त लिहून ठेवणार आहात.

आणि गावाचं नाव खराब होण्याचं म्हणाल, तर तुमच्याच गावात वर्षातून एकदा सप्ताह होत असेल, जत्रा होत असेल. काल्याच्या दिवशी किंवा जत्रेनंतर पारावर फळ्यावर हिशोब लागतो : वर्गणी किती, मंडपाला किती, आचाऱ्याला किती, तेलाचे डबे किती, शिल्लक किती. कुणी पाचशे दिले, कुणी एक्कावन्न, ते माइकवरून वाचलं जातं. त्यात गावातल्या कुणाचा अपमान होतो का? उलट, हिशोब लागला नाही तर पुढच्या वर्षी वर्गणी देताना माणसं हात आखडतात. तुमच्या बचत गटातही दर बैठकीला वही उघडते, कुणाचा हप्ता चुकला ते सगळ्यांसमोर कळतं. म्हणजे हिशोब मागणं आणि देणं तुमच्या गावाला चांगलं येतं. ग्रामपंचायतीच्या पायरीपाशी आलं की तेवढंच ते भांडण कसं काय ठरतं?

तुम्ही मंगळवेढ्याच्या आहात, म्हणून दामाजीपंतांची आठवण काढायचा मोह आवरत नाही. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांना खुली केली, एवढं आपण सांगतो. पण कथा तिथं संपत नाही. बिदरला हिशोब द्यावाच लागला, विठोबा विठू महाराच्या रूपात गेला, मोहरा मोजून दिल्या आणि पावती घेऊन आला. इतकं पुण्याचं काम, पैसे भरणारा साक्षात पांडुरंग, तरी पावती! तुमच्या गावच्या लोकवर्गणीला पावती मागितली तर ‘विश्वास नाही का’ असं विचारणाऱ्याला ही कथा सांगायला हरकत नाही. हसत सांगा, म्हणजे लागणार नाही.

आता करायचं काय. आधी मोजणी. ‘पाणी येत नाही’ हे वाक्य कुठल्याही बैठकीत उडवून लावता येतं. ‘आमच्यात तर येतंय’ असं गावठाणातला एक जण म्हणाला की विषय संपला. आकडा उडवता येत नाही. मिशनचं मोजमाप माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. तुमच्याकडे रोज एक तास पाणी सुटत असेल तर आरओच्या पाण्याचा २० लिटरचा जार चार मिनिटं वीस सेकंदांच्या आत भरला पाहिजे. दिवसाआड एक तास सुटत असेल तर दोन मिनिटं दहा सेकंदांच्या आत. जार प्रत्येक वाडीवस्तीवर असतो, घड्याळ मोबाइलमध्ये आहे. गटातल्या चार-पाच जणींनी वस्त्या वाटून घ्या. पाणी सुटण्याच्या दिवशी, सगळ्यांचे नळ उघडे असताना, प्रत्येक घरी जार लावा आणि गटाच्या वहीत लिहा : घर कुणाचं, माणसं किती, तारीख, पाणी किती वाजता आलं, जार किती मिनिटांत भरला, नळच कोरडा असेल तर कोरडा. घरच्या माणसाची सही घ्या. गावठाणातलीही काही घरं घ्या, टाकीजवळची घ्या, नाहीतर ‘फक्त तुमच्याच वस्तीचं रडगाणं’ असं होईल. एकाच दिवसाच्या मोजणीवर थांबू नका. लाइट गेली होती, व्हॉल्व्ह बंद होता, असं कुणीही म्हणू शकतं. दोन-तीन पाळ्या तरी मोजा.

एक नाजूक गोष्ट विचारते, रागावू नका. गावठाणात नळाला थेट मोटारी लावलेल्या आहेत का? बऱ्याच गावांत शेवटच्या टोकाला पाणी न पोचण्याचं कारण ठेकेदाराच्या पाइपेत नसतं, वरच्या अंगाच्या घरांतल्या अर्ध्या एचपीच्या मोटारीत असतं. तसं असेल तर उत्तर द्यायची पाळी ठेकेदाराची नाही, तुमच्या-माझ्यासारख्यांची आहे, आणि त्यात आपल्या भावकीतली घरंही निघतील. मोजणीच्या वहीत मोटारीचा रकाना ठेवा. तुमच्या स्वतःच्या माहेरच्या, सासरच्या कुणाकडे असेल तरी लिहा. तो रकाना प्रामाणिकपणे भरलात, तर तुमची बाकीची वही गाव खरी मानेल. बार्शी तालुक्यातलं सुर्डी २०१९च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिलं आलं, तेव्हा सगळीकडे श्रमदानाचं कौतुक झालं. ते व्हायलाच हवं. पण त्या स्पर्धेत घाम किती गाळला याला गुण नव्हते, काम किती घनमीटर भरलं याला होते. हिवरेबाजारातही दरवर्षी गावापुढे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, आणि पीक कुठलं घ्यायचं याचा वाद त्या आकड्यांवर होतो. लोकसहभाग म्हटलं की आपल्याला पाटी-फावडं दिसतं. मला त्यात मोजपट्टी आधी दिसते.

ही वही घेऊन कुठं जायचं? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नाही. तिथं टाकलंत की संध्याकाळपर्यंत दोन पार्ट्या पडतील, आणि तुमच्या वहीचा फोटो सगळ्यात आधी विरोधी पॅनेलच्या हातात जाईल. त्यांना पाण्यापेक्षा निवडणुकीची तहान जास्त असते. मग तुमचा प्रश्न पाण्याचा राहत नाही, ‘त्यांच्या गटाची बाई’ एवढाच उरतो.

आधी दिरांकडे जा. एकट्या नको, गटातल्या दोघी-तिघींना घेऊन, आणि घरी जा, ऑफिसात नको. वही समोर ठेवा. ‘भाऊजी, तुमच्यावर आमचं काही म्हणणं नाही, पण हे असं लिहून दिलं तर उद्या दुरुस्ती पंचायतीच्या बोकांडी बसंल, आणि वस्तीवरची माणसं तुम्हालाच विचारतील’ अशा तऱ्हेचं बोला. सरपंचाला माघार घ्यायला जागा ठेवणं याला मी लाचारी म्हणत नाही. उद्याही त्याच गावात राहायचंय. बैठक लावा, शाखा अभियंत्याला बोलवा, त्यांच्यासमोर शेवटच्या नळाला जार लावू, एवढंच मागा. त्यांनी ऐकलं तर अर्धं काम तिथंच झालं. माझा अनुभव असा, की बरेच सरपंच ऐकतात, कारण ठेकेदाराला ‘बायका सही करीनात’ असं सांगणं त्यांनाही सोयीचं पडतं.

नाही ऐकलं, तर महिला ग्रामसभा आहे. कायद्याने प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिलांची सभा घ्यायची असते. बहुतेक गावांत ती रजिस्टरमध्येच भरते. यंदा खरोखर भरवा. पुढची ग्रामसभा १ मेच्या सुमारास येईल; त्याआधी हवी असेल तर सरपंच विशेष ग्रामसभा बोलावू शकतात, तशी लेखी मागणी करा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ग्रामसभेचा कोरम १५ टक्के मतदार किंवा १००, यांतला कमी असेल तो. बचत गटांच्या बायकाच उतरल्या तरी तो भरतो. कोरम न भरल्याने सभा तहकूब झाली की पुढच्या तहकूब सभेला कोरम लागत नाही, आणि मग पाच-दहा माणसांत सगळे ठराव होतात. तुमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच चाललं असणार. म्हणून पहिल्याच सभेला माणसं हवीत.

आणि प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त! इथं जरा थांबते, कारण खरी मेख इथं आहे. सभेत हजेरी म्हणून रजिस्टरवर सह्या घेतात, वर पान कोरं असतं. सभा उठते, माणसं चहा पिऊन घरी जातात आणि मग त्या कोऱ्या जागेत ठराव उतरतात. तुमची हजेरीची सही संमतीची होते. यावर साधा उपाय आहे : सहीशेजारी ‘फक्त उपस्थिती’ लिहा, तारीख घाला. ठरावाखाली सही करायची असेल तर ठरावाची शेवटची ओळ आणि पहिली सही यांच्यामध्ये मोकळी जागा सोडू देऊ नका. असेल तर तिथं आडवी रेघ मारायला सांगा. सूचक आणि अनुमोदक म्हणून कुणाची नावं पडतायत ते वाचा, बऱ्याचदा त्या माणसाला ठाऊकच नसतं. ठराव पटत नसेल तर निघून जाऊ नका, ‘माझा विरोध आहे, कारण अमुक’ असं त्याच प्रोसिडिंगात नोंदवायला लावा. हे कुठल्याही गावातल्या, कुठल्याही समितीतल्या बाईला सांगते आहे. शाळा व्यवस्थापन समिती असो, तंटामुक्ती असो. नाव भरतीला घेतलं असेल, सही मात्र भरतीची नसते. चौकशी लागली तर सही करणाऱ्यालाच विचारतात.

लोकवर्गणीचं काय? ती वेगळी ठेवा. पाण्याच्या ठरावात ती घुसवलीत तर दोन्ही फसतील, कारण वर्गणी जमवणारी पोरं आपल्याच घरातली असतात आणि ती लगेच अंगावर येतात. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचे जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल आणि लेखापरीक्षणातले शेरे ठेवायचे असतात. त्या वेळी शांतपणे विचारा : वर्गणी किती घरांची आली, कुठल्या खात्यावर भरली, पावतीपुस्तक कुणाकडे. पैसे खर्च झाले असतील, चांगल्या कामालाच झाले असतील, तर कुणाला अडचण यायचं कारण नाही. हिशोब अर्धवट निघाला, तर तो पुरा करायला महिनाभराची मुदत द्या. पोरांनी वर्गणीच्या नोटा खिशात घातल्या असतील असं मला वाटत नाही. बहुधा चर खोदायला, जेवणाला, डिझेलला गेल्या आणि वहीच ठेवली नाही. पण वही नव्हती म्हणून पुढच्या वेळी गाव वर्गणी देणार नाही, हे नुकसान हजार रुपयांहून मोठं आहे.

या सगळ्यानंतरही ‘सही करा नाहीतर नाव काढतो’ असंच चाललं, तर मग तक्रारीची वेळ आली असं समजा. तेव्हाही पहिल्याच दिवशी सीईओंचं दार नको. तालुक्याच्या ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाच्या उपअभियंत्यांना मोजणीच्या वहीची प्रत जोडून पत्र द्या, एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, आणि दोन्हींची पोच घ्या. सोबत माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकाच विषयाचा अर्ज, मजकूर १५० शब्दांच्या आत. योजनेचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि त्रयस्थ तपासणीचा अहवाल मागा. अंदाजपत्रकात पाइप किती व्यासाची आणि किती खोल, ते लिहिलेलं असतं. वस्तीकडच्या लाइनवर एका जागी उकरून बघितलं की कळतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. अर्ज नागरिकाच्या नावे करावा लागतो, गटाच्या नावे नाही. म्हणून चौघींनी वेगवेगळ्या विषयांचे चार अर्ज टाका, म्हणजे एकटीवर रोख येणार नाही. माहिती मागणाऱ्यांना त्रास होतो, हे मी लपवणार नाही. एकटीने पुढे होण्यातलं धाडस मला नको आहे. यातूनही हललं नाही तर तालुक्याचा लोकशाही दिन दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. अर्ज आधी द्यावा लागतो. आणि त्यापुढे सीईओ. तोवर तुमच्या हातात पोच घेतलेल्या कागदांची चळत असेल. नुसत्या ‘पाणी येत नाही’ या तक्रारीला आणि त्या चळतीला साहेबांच्या टेबलावर सारखी वागणूक मिळत नाही.

तुमच्यासारखीच पत्रं करमाळ्याहून, सांगोल्याहून, अक्कलकोटकडूनही येतात. कुठं गटाराचं काम, कुठं अंगणवाडीची खोली. त्या वाचकांसाठी एक लिहून ठेवते : वित्त आयोगाचा पैसा कुठल्या कामावर किती पडला, ते कुणालाही न विचारता ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून बघता येतं, ‘मेरी पंचायत’ अॅपवरही दिसतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित अशी वाटणी होती. बंधित निधीतून पेव्हर ब्लॉक बसलेले दिसले, तर विचारायला जागा आहे. जलजीवनचा बांधकामाचा खर्च मात्र तिथं दिसणार नाही, तो जिल्हा परिषदेकडून होतो. तिथं दिसत नाही म्हणून घोटाळा झाला असं समजून गावभर बोलू नका.

राहिले तुमचे मिस्टर. भावकीत वाकडं नको हे त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. शेतीचा बांध, विहिरीतला हिस्सा, लग्नकार्य, सगळं त्याच माणसांबरोबर आहे. त्यांचं वाकडं आलं तर त्याची झळ त्यांना तुमच्याआधी लागणार. म्हणून त्यांना ‘तुम्ही घाबरता’ असं म्हणू नका. मोजणीच्या दिवशी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जार घेऊन जायला मोटारसायकल लागेल, तेवढी मागा. त्या घरातल्या म्हातारीसमोर कोरड्या नळाखाली रिकामा जार धरून पाच मिनिटं उभं राहिल्यावर ते भावाशी स्वतःच बोलतील, अशी शक्यता बरीच आहे. नाही बोलले तरी निदान सहीसाठी तुमच्यामागे लागणार नाहीत.

आणि दिरांनी मान्य केलं, तर ठरावाचा मजकूर तुम्हीच कच्चा लिहून न्या, नाहीतर जुनाच छापील मसुदा पुन्हा पुढे येईल. असं काहीसं लिहा : ‘अमुक तारखांना समितीने केलेल्या मोजणीनुसार एकूण इतक्या नळांपैकी इतक्यांना पुरेसं पाणी मिळतं, इतक्यांना अपुरं मिळतं, इतके कोरडे आहेत, यादी सोबत जोडली आहे. कोरड्या व अपुऱ्या नळांची दुरुस्ती होऊन पुन्हा मोजणी झाल्यावर समिती योजना ताब्यात घेण्याचा विचार करील. तोवर झालेल्या कामाच्या देयकाबाबत विभागाने नियमाप्रमाणे निर्णय घ्यावा.’ या ठरावाखाली सगळ्यात आधी दिरांची सही घ्या, मग तुमची करा.